दगड बघायला

पुण्यात पारा बारावर आला की मी कानटोपी शोधायला लागतो. असा मी ऐन जानेवारीत लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलो, हे आमच्या घरी अजून कुणाला पटत नाही. निमित्त हिमबिबट्याचं. थंडीत भरल, म्हणजे डोंगरातल्या निळ्या मेंढ्या, खाली उतरतात आणि त्यांच्या मागोमाग तोही. जोडीदार शोधायचे त्याचे दिवसही हेच. त्यामुळे त्याला बघायचं तर आपण गारठायचं, असा रोखीचा व्यवहार.

लेहला दोन दिवस नुसतं लोळून श्वास ताळ्यावर आणला आणि रुंबक गावात एका घरी मुक्काम टाकला. टूथपेस्टचा खडू झालेला. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या पोटाशी घेऊन झोपायचं, अगदी अंडी उबवल्यासारखं. बुखारीत, म्हणजे खोली उबवणाऱ्या शेगडीत, शेणाच्या गोवऱ्या आणि हातात गुरगुर चहा, लोणी-मीठ घातलेला. चहा म्हणून प्यायलात तर फसाल. सार समजून प्या, झकास लागतो.

दिवसभराचं काम एकच, दगड बघणे. उद्यान ४,४०० चौरस किलोमीटरचं, देशातलं सगळ्यात मोठं, आणि दगडांना तोटा नाही. हिमबिबट्याचा रंगही नेमका त्यांचाच: राखाडी, वर धुरकट ठिपके. पहिल्या दिवशी मला सात हिमबिबटे दिसले. गाइड दर वेळी दुर्बिणीला डोळा लावायचा आणि हळूच म्हणायचा, "दगड आहे सर." सातव्या वेळी त्याने दुर्बिणीकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी तोच पुटपुटला, "शान!" लडाखीत हिमबिबट्याला शान म्हणतात. आम्ही पाच जण, दुर्बीण एक. माझा नंबर आला. कड्याच्या कपारीत एक दगड होता, आणि त्या दगडाला जाडजूड, लांबलचक शेपूट होतं. ते शेपूट त्याने अंगाभोवती ओढून घेतलं, आजी शाल ओढून घ्यायची तसं. मी आनंदाने "अरे!" म्हणालो आणि त्या वाफेने भिंगावर बर्फ धरलं. पुसेपर्यंत कपार रिकामी.

रात्री घरधनीणबाईंना, सगळे त्यांना आमा-ले म्हणतात, मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्या पीठ मळत होत्या. एकदा तो गोठ्यात शिरला तेव्हा सकाळी नऊ मेंढ्या मेलेल्या होत्या, एवढंच म्हणाल्या. आता गोठ्याला वरून जाळी आहे, आणि घरात आमच्यासारखे पाहुणे. मग ताटात जास्तीचा स्क्यू, म्हणजे कणकेच्या तुकड्यांचं कालवण, वाढून विचारलं, "किती लांब होता?"

"समोरच्याच कड्यावर," मी म्हणालो.

संडास घराबाहेर, अंगणापलीकडे. रात्री दोनला टॉर्च घेऊन निघालो. वाटेत एक दगड दिसला. मग आणखी एक. "दगड आहे सर," मी स्वतःलाच बजावत होतो, जरा मोठ्यानेच.