जागा सोडा

पुण्यातल्या पाताळेश्वर लेण्याच्या आवारात दुपारी चित्रांची वही उघडून बसलो होतो. समोर तो गोल नंदीमंडप, आखूड जाडजूड चौकोनी खांब, आणि खांबांमध्ये काळोख. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी खडक वरून खाली कोरत नेलेला, त्यामुळे जंगली महाराज रस्त्याचे हॉर्न डोक्यावरून निघून जातात. आता ब्रश शाईत बुडवून काळोख भरायचा, एवढ्यात दिसलं की खांबांची आतली बाजू चांगली उजळ आहे. ऊन तिथे पोचायचा संबंधच नाही. आवारात पडलेलं ऊन जमिनीवरून उसळून आत गेलं होतं.

एलिमेंटरीच्या परीक्षेला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिथे माठाची एक बाजू पांढरी, दुसरी काळी, मध्ये बोटाने घासायचं की झालं शेडिंग.

शाईच्या वॉशमध्ये घासायची सोय नाही, खोडरबरही नाही. तीन वाट्यांत पाणी. एकीत शाईचा थेंब, दुसरीत जरा जास्त, तिसरी जवळजवळ काळी. फिकटापासून सुरुवात. वॉटरप्रूफ काळ्या शाईत लाख असते, त्यामुळे वाळलेला थर वरून पाणी फिरवलं तरी हलत नाही. पेनातली शाई मात्र लगेच सुटून पसरते. पांढरा रंग मुळात नाहीच. उजेड हवा तिथे कागद कोरा ठेवायचा, आणि तो कुठे ठेवायचा हे आधीच ठरवायचं. आमचे सर वयाने माझ्या निम्मे. पीएमटीच्या कंडक्टरसारखे मागून ओरडतात, "जागा सोडा काका, जागा सोडा!"

तेव्हापासून माझं लक्ष चेहऱ्यांपेक्षा सावल्यांकडेच जास्त. छतात आठ-आठ एलईडी खोचलेल्या घरांत मला बसवत नाही. एका माणसाला चार सावल्या, चारही पुचाट. चहा चांगला असला तरी.

आमच्या वाड्यातली वरची खोली दिवसाही अंधारी होती. कौलाच्या फटीतून एक कवडसा यायचा, रुपयाएवढा गोल. फट वेडीवाकडी, कवडसा मात्र गोल. तो कोब्यावरून सरकत सरकत पाटाच्या पायाशी आला की आजी चहाचं आधण ठेवायची. भिंतीवरचं घड्याळ तिने कधी हिशेबात धरलं नाही. १९८० च्या फेब्रुवारीतलं सूर्यग्रहण आठवतं. १६ तारीख होती. खग्रास पट्टा आपल्या दक्षिणेकडून, कारवारवरून गेला, पण पुण्यातही रस्ते ओस पडले होते. आजीने खिडक्या लावल्या, वर चादरी टांगल्या, पाण्यात तुळशीपत्रं टाकली आणि आम्हा पोरांना भिंतीशी बसवलं. कौलाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. कवडसा नेहमीच्या वाटेने निघाला आणि हळूहळू एका बाजूने कुरतडल्यासारखा होत चंद्रकोर झाला. फट पिनहोल कॅमेऱ्याच्या बारीक भोकासारखं काम करते, जमिनीवर सूर्याचंच चित्र पडतं, हे सगळं पुढे शाळेत कळलं. तेव्हा आजीच तेवढी म्हणाली, "अगं बाई, हा तर घरात आला!" आणि त्या कोरीवर तिने पदराचं टोक धरलं. कोर पदरावर चढली.

ते चित्र वॉशमध्ये करायचं कधीचं मनात आहे. सगळा कागद गडद आणि नखाएवढा कोरा. बाकी सोपं आहे, त्या पदराचा राखाडी रंग काही जमत नाही. नऊवारी नक्की कोणत्या रंगाची होती, तेही आता विचारायला कोणी नाही.

असो. पुण्यात वर्षातून दोनदा, मेच्या मध्यावर आणि जुलैअखेरीस, भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्याच पायाखाली जाते. पाताळेश्वरात जाऊन बघावं म्हणतो. पण जुलैचा दिवस ढगांत जातो, आणि मेमध्ये साडेबाराच्या उन्हात कोण जाणार!