सोनेरी चमचे आणि उघडलेले खोके

घरातले चमचे-काटे वर्षानुवर्षांच्या आहेरांतून जमलेले, एकाचा दुसऱ्याशी मेळ नसलेले होते, म्हणून या वेळी चारचौघांकडे दिसत नाही असा देखणा संच घ्यायचे ठरवले. पोर्तुगालच्या कुटिपोल कंपनीचा ‘गोवा’ हा बारीक, काळ्या दांड्यांचा प्रकार मला फार आवडतो, पण त्याची किंमत झेपणारी नव्हती. त्याच धाटणीचा मॅट सोनेरी संच एका ऑनलाइन विक्रेत्याकडे मिळाला आणि वर्णनात ‘18/10 स्टील’ असे स्पष्ट लिहिलेले असल्यामुळे मी तो मागवला. 18/10 म्हणजे 18 टक्के क्रोमियम आणि 10 टक्के निकेल. गंज न धरणारे, चकाकी टिकवणारे स्टील.

संच आल्यावर फ्रिजवरचा चुंबक चमच्याजवळ नेला, तर तो टपकन चिकटला, काट्यालाही तसाच. सुरीला चिकटला असता तर हरकत नव्हती, कारण धार टिकावी म्हणून पाते निकेल नसलेल्या, कडक होणाऱ्या स्टीलचे करतात. पण निकेल पुरेसे असले की स्टील चुंबकाला फारसे ओढत नाही, म्हणून इतका घट्ट चुंबक धरणारा चमचा 18/10 चा असू शकत नाही. मी छायाचित्रांसह परतीची विनंती केली. त्यावर ‘खोके उघडलेले असल्याने परत घेता येणार नाही’ एवढेच उत्तर आले. खोके न उघडता चमचा तपासायचा कसा, हे मी पुन्हा पुन्हा विचारले आणि प्रत्येक वेळी तेच छापील वाक्य, खाली निराळे नाव घालून, परत आले. तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद व्हायची, मी ती पुन्हा उघडायचो. वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 सांगतात. तो नियम उद्धृत करून आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक कळवला, तेव्हा कुठे पैसे परत मिळाले. उत्पादनाच्या पानाचे छायाचित्र मागवतानाच काढून ठेवावे. माझ्याकडे ते होते, म्हणूनच माझे म्हणणे टिकले.

चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील उत्तम, असे मात्र समजू नये, कारण निकेलऐवजी बरेचसे मँगनीज घातलेले स्वस्त स्टीलही बहुधा चुंबक धरत नाही. सोनेरी रंग हवाच असेल, तर तो पीव्हीडी पद्धतीने, म्हणजे निर्वात कक्षात वाफेच्या रूपातून पातळ थर बसवून, चढवलेला आहे का, हे विचारावे आणि त्याला तारेची घासणी लावू नये. पितळी चमचे दिसतात सुरेख, पण कल्हई नसेल तर चिंच-कोकमाच्या आमटीत ते घालू नयेत.

शेवटी मुंबईतल्या तांबाकाट्याच्या भांडीबाजारात गेलो. तिथे सुटा चमचा हातात घेता आला, मानेशी दाबून तो वाकतो का ते पाहता आले. मला आवडलेल्या एका संचातले चमचे इतके उथळ होते की त्यांत आमटी राहिलीच नसती, म्हणून तो सोडला. घेतला तो ठोकलेल्या पोताचा, लांब दांड्याचा आणि खोलगट वाटीचा. दुकानदाराकडून बिलावर ‘18/10’ असे लिहून घेऊनच पैसे दिले.