सहावा रस

लहानपणी षड्रसांची नावे पाठ म्हणताना शेवटचा ‘तुरट’ आम्ही घाईघाईने उरकत असू. गोड, आंबट, खारट, तिखट आणि थोडेसे कडू यांची पानात आपापली जागा ठरलेली असते. तुरटासाठी मात्र कोणी मुद्दाम स्वयंपाक करीत नाही. तो आवळ्यातून, जांभळातून, न पिकलेल्या केळ्यातून आगंतुकासारखा येतो, जीभ आखडून टाकतो आणि निघून जातो. या उपेक्षित रसाला पिंपात निजवून, तळघरात जपून, वीस-वीस वर्षे वाट पाहून मोठ्या मानाने पेल्यात ओतणारी माणसे आहेत, हे मला पन्नाशी उलटल्यावर फ्रान्समधल्या, वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या बोर्डोला गेलो तेव्हा कळले.

माझी भाची तिथल्या विद्यापीठात शिकते. तिनेच मला मेदोक भागातल्या पोइयाक गावाजवळच्या एका लहानशा शातोत नेले. शातो म्हणजे किल्ला असे मी समजत होतो; प्रत्यक्षात ते एक नेटके दगडी घर, मागे पिंपांची कोठी आणि चहूकडे गुडघ्याएवढ्या खडकाळ उंचवट्यांवर शिस्तीत उभे असलेले द्राक्षांचे वेल, एवढाच संसार होता. जमीन पाहून कोणताही शेतकरी तोंड फिरवील, इतकी ती गोट्यांची. पण नद्यांनी युगानुयुगे आणून टाकलेल्या या गोट्यांतून पाणी झटकन निथळते, दिवसाची ऊब रात्रीपर्यंत टिकते आणि उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाला नेमके तेच हवे असते. पलीकडे गारोन आणि दोर्दोन्य या नद्यांच्या संगमातून झालेली जिरोंदची रुंद खाडी दिसत होती. ज्या वेलीला नदी दिसते तिची वाइन चांगली, असे तिकडे म्हणतात.

यजमानीणबाईंनी आमच्यापुढे दोन पेले ठेवले. एकाच मळ्यातली वाइन, एक २०१८ सालची आणि दुसरी २००५ सालची. पेला तिसऱ्या हिश्श्यापेक्षा अधिक भरलेला नव्हता. माझ्यातल्या मध्यमवर्गीयाला तो कंजूषपणा वाटला, पण वरची रिकामी जागा वासासाठी राखलेली असते. आधी पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहायचा. नव्या वाइनची कड जांभळट होती, जुनीची विटकरी, जुन्या वाड्याच्या भिंतीला असते तशी. मग पेला न हलवता एकदा हुंगायचे, नंतर गोल फिरवून पुन्हा हुंगायचे. मी फिरवला तेव्हा दोन थेंब शर्टावर आले आणि त्यांनी ते शर्ट कायमचे आपले केले.

वासाचे वर्णन करायची वेळ आली तेव्हा माझी पंचाईत झाली. बाई म्हणाल्या, ब्लॅककरंट. हे फळ मी आयुष्यात पाहिलेले नाही. त्याची माझी ओळख आपल्याकडच्या आइस्क्रीमच्या जांभळ्या गोळ्यापुरती. मग त्या म्हणाल्या, देवदाराचे लाकूड, सिगारची पेटी, पेन्सिलीचा भुसा. या शेवटच्या शब्दावर मी उभारी धरली, कारण शाळेत पेन्सिलीला टोक काढताना निघणाऱ्या लाकडी झालरींचा वास मला चांगलाच ठाऊक होता आणि तो त्या पेल्यात खरोखर होता. जुन्या वाइनमध्ये तर पावसानंतर कुजू लागलेल्या पाचोळ्याचाही वास आला. एरवी या शब्दसंपत्तीची थट्टा करणे सोपे आहे. भाचीच्याच विद्यापीठात पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळून ती ५४ विद्यार्थ्यांना दिली, तर त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. पण मला त्यात खोटेपणा दिसत नाही. नाक एकटे कधीच हुंगत नाही, डोळे आणि आठवणी त्याच्या खांद्यावरून डोकावत असतात.

घोट घेतल्यावर लगेच गिळायचा नसतो. तो तोंडभर फिरवून, ओठांतून थोडी हवा आत ओढून घोळवायचा असतो. आपल्या घरी असा आवाज केला असता तर पाठीत धपाटा बसला असता. “मामा, गिळू नकोस, थुंक,” भाचीने बजावले आणि समोरच्या भांड्याकडे बोट दाखवले. इतकी महागाची वस्तू थुंकणे जिवावर आले. मी पहिला घोट गिळलाच.

आणि तिथे तो भेटला. २०१८च्या वाइनने हिरड्या कोरड्या पडल्या, गालांचे आतले अस्तर आखडले, जीभ दातांना खरखरीत लागू लागली. बाई टॅनिनविषयी सांगत होत्या. द्राक्षांच्या साली, बिया आणि ओकची पिंपे यांतून ते येते आणि लाळेतल्या प्रथिनांना धरून बसते, त्यामुळे तोंडातला ओलावा सरकेनासा होतो. म्हणूनच बरेच शास्त्रज्ञ याला चव न म्हणता स्पर्श म्हणतात, आणि म्हणूनच मांस किंवा चीज सोबत असले की ही वाइन निवळते. मला मात्र एवढ्या स्पष्टीकरणाची गरज नव्हती. माझ्याकडे त्यासाठी बालपणापासून एक शब्द तयार होता, तुरट. द्राक्षाच्या बियांतल्या टॅनिनच्या घटकाला कॅटेचिन म्हणतात आणि ते नाव कातावरून आले आहे. कोकणात खैराच्या लाकडापासून काढतात आणि पानात चुन्याबरोबर रंगतो, तोच हा कात. जे रसायन माझे आजोबा रोज जेवणानंतर चघळत, त्याच्याच कुळातली मंडळी पोइयाकच्या पेल्यात माझी वाट पाहत होती.

२००५च्या घोटाने मात्र मला गप्प केले. तुरटपणा गेलेला नव्हता. वर्षानुवर्षे बाटलीत राहून टॅनिनचे कण एकमेकांना आणि रंगद्रव्यांना बिलगतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात, आणि उरलेला तुरटपणा वापरून मऊ झालेल्या गोधडीसारखा जिभेवर पसरतो. तो गाळ पेल्यात येऊ नये म्हणून बाईंनी बाटली आधीच हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतून घेतली होती. आपल्याकडे ‘खोलीच्या तापमानाला’ लाल वाइन पिण्याचा जो सल्ला दिला जातो, तो दगडी घरातल्या सोळा-अठरा अंशांच्या खोलीसाठी आहे. पुण्याच्या एप्रिलमध्ये तो पाळला तर ही सगळी नजाकत दारूच्या वाफेत उडून जाईल.

जाता जाता बोर्डोच्या वाइनच्या १८५५ सालच्या प्रसिद्ध श्रेणींचा विषय निघाला. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या काळात केलेली ती यादी मुख्यतः तेव्हाच्या बाजारभावावर बेतली होती आणि ती आजही चालते. दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत बढती मिळाली ती फक्त मुतों रोथशिल्ड या शातोला, तीही १९७३ साली. आपल्या सरकारी कचेऱ्यांतली ज्येष्ठता यादीदेखील याहून चपळ असावी.

बाईंनी शेवटी मला विचारले, तुम्हाला ही कशासारखी लागली? मी जांभूळ म्हणालो. त्यांना ते फळ ठाऊक नव्हते. काळसर, रसाळ, गोडसर आणि तुरट, मीठ लावून खातात, असे भाचीने फ्रेंचमधून समजावले, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग मी म्हणालो, ते खाल्ल्यावर असे होते, आणि वयाचा विचार न करता जीभ बाहेर काढली. बाई क्षणभर गोंधळल्या, मग खळखळून हसल्या आणि त्यांनी ओठ मागे सारून आपले दात दाखवले. तेही जांभळे झाले होते.