हरवलेला प्लॅटिनम

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझं एक संयुग सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या प्लॅटिनमयुक्त औषधावर मात करत होतं. कर्करोगाच्या पेशींवर दोन्ही टाकली की सिस्प्लॅटिन फिकं पडायचं. पेपरचा मसुदाही तयार होता. मॅडमना मात्र पटेना. "१९७८ पासून रुग्णांना देतात ते औषध इतकं लेचंपेचं कसं? जीवशास्त्राच्या लॅबमधल्या कुपीत काय आहे ते आधी बघ."

कुपीत सिस्प्लॅटिन डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेलं. जीवशास्त्राच्या लॅबमध्ये ती कुपी फ्रीजमधून काढून दर वेळी वितळवायचे. मी तसंच ताजं सॅम्पल केलं, ३७ अंशांवर एनएमआरमध्ये, म्हणजे अणूंचे सिग्नल टिपणाऱ्या यंत्रात ठेवलं आणि प्लॅटिनम-१९५ चे रन लावले, दर पंधरा मिनिटांना एक. पहिल्यात उणे २१०० पीपीएमच्या (सिग्नलची जागा याच एककात सांगतात) आसपास सिग्नल, अगदी हवा तिथे. पुढच्या रनमध्ये तो थोडा बुटका, मग आणखी बुटका. नवीन काहीच उगवेना. साका बसला असेल म्हणून ट्यूब काढून उजेडात धरली. द्रावण नितळ. प्रोब पुन्हा ट्यून केला, तरी तेच. दोन तासांत सिग्नल पावभर उरला. प्लॅटिनम जाणार कुठे?

मशीन सांभाळणारे काका मागे उभे होते. "विंडो सरकवलीस का?"

प्लॅटिनमचे सिग्नल हजारो पीपीएमवर पसरतात आणि मी काही शेंचाच पट्टा बघत होते. केंद्र उणे ३१०० वर नेलं, रन लावला. तिथे तो होता, ठसठशीत. डीएमएसओमधल्या गंधकाने प्लॅटिनमला चिकटलेल्या क्लोराइडला हुसकून त्याची जागा घेतली होती, म्हणजे ते आता सिस्प्लॅटिन राहिलंच नव्हतं. द्रावकच अभिक्रियेत उतरलेला, त्यामुळे डीएमएसओचा तुटवडा कधी पडणारच नाही. पहिल्या सिग्नलच्या उंचीचा लॉगॅरिदम वेळेसमोर मांडला तर सरळ रेघ आली, अर्धायुकाल साधारण तासाभराचा. केरिसन आणि सॅडलर यांनी ही अभिक्रिया १९७७ मध्येच प्लॅटिनम एनएमआरने टिपली होती. ते मी आधी वाचायला हवं होतं.

जुन्या कुपीतला नमुना रात्रभर लावला. सकाळी उणे २१०० ला सपाट रेघ, सिग्नल फक्त उणे ३१०० ला.

मग सिस्प्लॅटिन सलाइनमध्ये ताजं विरघळवून पेशींवर पुन्हा चाचणी घेतली. सलाइनमधलं भरपूर क्लोराइड सिस्प्लॅटिनला मूळ रूपात धरून ठेवतं. माझं संयुग बरंच मागे पडलं. मसुदा त्याच दिवशी बाजूला ठेवला. त्या कुपीतून आणखी दोघींनी सिस्प्लॅटिन नेलं होतं. त्यांना स्पेक्ट्रम दाखवायला मी लगेच निघाले.