गुलाबावरचे भुंगेरे : माझा अनुभव

वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की दोन-तीन दिवसांत गुलाबाची पानं कडेने कुरतडलेली दिसू लागतात. पान उलटून पाहावं तर किडा कुठेच नाही. हे हुमणीचे, म्हणजे मातीत राहून मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे. अंधार पडला की मातीतून वर येतात, रात्री पानं खातात आणि उजाडायच्या आत परत मातीत शिरतात. (पानाला कर्कटकाने आखल्यासारखे गोल काप असतील, तर ते पानकापी मधमाशीचं काम. तिला मारू नका, ती परागीभवन करते.)

औषधापेक्षा हाताने वेचणं मला कितीतरी खात्रीचं वाटतं. संध्याकाळी साडेसात ते नऊ ही वेळ. झाडाखाली जुनी चादर अंथरायची आणि फांदीला एकच झटका द्यायचा. भुंगेरा पाय आखडून टपकन पडतो, क्षणभर निपचित राहतो, तेवढ्यात उचलायचा. नुसत्या पाण्यात टाकला तर कडेने चढून निसटतो, म्हणून बादलीत दोन लिटर पाण्याला दोन चमचे भांड्यांचं लिक्विड घालावं. आवारात कडुनिंब किंवा बाभूळ असेल तर आधी तिथे आकडीने फांद्या हलवा, खरी गर्दी तिथेच असते. भुंगेरे ओढून घ्यायला साबणपाण्याच्या घमेल्यावर दिवा लावायचा तर गुलाबापासून लांब लावा, नाहीतर आसपासचे सगळे वाफ्यातच उतरतात.

पहिले १०-१५ दिवस एकही संध्याकाळ चुकवू नये. एक मादी मातीत ५०-६० अंडी घालते, आणि पुढे अळ्या मुळं खातात.

फवारणी करायचीच तर निंबोळी तेल ५ मिली, लिक्विड साबण १ मिली, पाणी १ लिटर. तेल आणि साबण आधी घोटून दुधासारखं करावं, मग पाणी. तेल वर तरंगलं तर पानं करपतात. ऊन उतरल्यावरच फवारा. पावसाने धुऊन गेलं तर पुन्हा करावं लागतं.

ऑगस्टमध्ये पाणी असूनही झाड पिवळं पडलं, हाताने ओढताच सैल लागलं, तर बुंध्याशी उकरून पाहा. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी सापडते. मी जूनअखेरीसच मेटारायझियमची पावडर लिटरला ५ ग्रॅम घेऊन ओल्या मातीत ओततो. ही अळीला मारणारी जिवंत बुरशी आहे. पानांवरच्या काळ्या ठिपक्यांसाठीचं बुरशीनाशक त्याच मातीत ओतलं तर तीही मरते. आणि कच्चं शेणखत चाळल्याशिवाय वाफ्यात घालू नका, अळ्या बऱ्याचदा त्यातूनच येतात.