उसण

पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात नळाला पहाटे साडेपाचला पाणी येते. गेल्या पौषात अंथरुणातून उठून दोन मिनिटेही झाली नसतील, तोच गुडघे ताठ ठेवून १५ लिटरची भरलेली बादली उचलताना माझ्या कमरेत उसण भरली आणि मी मोरीच्या कठड्याला धरून तसाच वाकलेला राहिलो. वजन म्हणाल, तर याहून जड भाजीची पिशवी मी दर बुधवारी बाजारातून आणतो.

शेजारच्या काकूंनी लगेच आपल्या पायाळू नातवाला उठवून आणले, कारण पायांकडून जन्मलेल्या माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, हा समज आमच्याकडे अजून पक्का आहे. सहावीतला तो मुलगा संकोचून म्हणाला, "आजोबा, हळू मारू की जोरात?" मला हसू आले, आणि हसताना पुन्हा कळ आली.

खरे कारण नंतर फिजिओथेरपिस्टबाईंनी सांगितले. दोन मणक्यांमधल्या गाद्या रात्री, अंगाचा भार नसताना, पाणी शोषून फुगतात, आणि म्हणूनच सकाळी माणसाची उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते. अशा टम्म गादीवर कमरेतून वाकण्याचा ताण अधिक येतो, त्यामुळे उठल्यावरचा पहिला तास तरी वाकून ओझे उचलू नये. उचलायचेच झाले, तर गुडघ्यांत व खुब्यांत वाकून, ओझे पोटाशी धरून. फळीवर आठवडाभर पडून राहण्याचा माझा बेतही त्यांनी मोडला. साध्या उसणीत झेपेल तितके हिंडत राहिल्यानेच पाठ लवकर मोकळी होते. मात्र पायातली शक्ती गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर तडक डॉक्टर गाठायचा, हे त्यांनी दोनदा बजावले.

अडचण एवढीच, की माझ्या गाद्या ओसरेपर्यंत नळ गेलेला असतो. शेवटी नळाला रबरी नळी जोडून मी पिंप भरू लागलो, आणि ते भरेपर्यंत रामकुंडापर्यंत एक फेरी मारून येऊ लागलो. कधी गोदाघाटावर गप्पांत उशीर होतो आणि पिंप ओसंडून मोरी भरते, तेव्हा काकू ओरडतात, नातू मात्र आशेने विचारतो, "आजोबा, पुन्हा उसण भरली का?"