एकच प्रयोग का? तुम्ही विचारलंत म्हणून

"गावानं स्वतः लिहून नाटक बसवलं, बायका पहिल्यांदा स्टेजवर आल्या, मग एकच प्रयोग का?" सकाळी डेअरीत दुधाला फॅट लावताना दूध घालायला आलेले विचारतात. पाहुण्यांत गेलो की जेवणाच्या पंगतीत विचारतात. कोल्हापुरातली नाटकवाली मंडळी तर जरा रागानंच विचारतात.

आजवर मी वेगवेगळी उत्तरं दिली. पैसे नव्हते. ऊसतोड सुरू झाली. पोरं एमआयडीसीत लागली. आणि ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हापासून "आता करायचं कुठं?" असंही म्हणत आलो. या शेवटच्या उत्तराची मला लाज वाटते. आमचं नाटक २०२३ च्या म्हाईला, म्हणजे गावच्या जत्रेला झालं. त्यानंतर आख्खा हिवाळा ते थिएटर उभं होतं, राज्य नाट्य स्पर्धा होती. शाहू महाराजांनी बांधलेली वास्तू जळाल्याचं दुःख सगळ्या जिल्ह्याचं होतं आणि मी त्याच्याआड लपलो.

नाटक महापुराचं. महापुराबद्दल तुम्हाला काय सांगायचं. शिरोळ तालुक्यातल्या माणसाला २००५, २०१९, २०२१ एवढे आकडे पुरतात. नाटकाची सुरुवात आम्ही नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरातल्या दक्षिणद्वार सोहळ्यापासून केली होती. पाणी पादुकांवरून वाहायला लागलं म्हणून लोक आनंदानं स्नानाला चाललेत आणि तेच पाणी चार दिवसांनी त्यांच्या उंबऱ्यात. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून वाद घालणारा प्रवेश लिहायला लागलाच नाही, तालमीतच माणसं खरोखरची भांडायची.

शेवटून दुसरा प्रवेश काकीचा. माझी चुलत चुलती. २०१९ च्या पुरात तिची म्हस गेली. धार काढल्यावर पाच लिटरच्या खाली न येणारी म्हस, माझ्या रजिस्टरात काकीच्या नावापुढं दोन वर्षं रिकामे रकाने आहेत. काकीनं सगळ्यांना सांगितलेलं असं, की बोट दारात आली तेव्हा ती मागं फिरली, विळ्यानं दावं कापलं आणि म्हशीला मोकळं केलं. पुढं ती वाहून गेली, पण मोकळी होऊन गेली. मी ते जसंच्या तसं लिहिलं. करणार कोण, तर काकीच. तालमीत दर वेळी ती विळा मारायची, सुंभ तुटायचं, बसलेल्या बायका डोळे पुसायच्या.

प्रयोग दोन ट्रॉल्या जोडून केलेल्या स्टेजवर. मी विंगेत वही घेऊन, प्रॉम्प्टिंगला. काकी आली, विळा हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं विसरली. मी हळू सांगितलं, "विळा मारा, काकी." काही नाही. जरा मोठ्यानं सांगितलं. मग आणखी मोठ्यानं, "काकी, कापा दावं! कापा!" डोक्यावर माइक टांगलेला होता. माझा आवाज स्पीकरमधून आख्ख्या मैदानावर गेला.

काकी विंगेकडं वळली. "थांब रं. सांगू दे."

तिनं विळा खाली ठेवला. म्हणाली, "इळा घरात हुता, पाण्याखाली. दाव्याची गाठ भिजून फुगल्याली, बोटं लागंनात. बोटीतनं हाका मारत हुती. मी हात काढून घेतला. म्हशीनं मान वळवून बघितलं. मी सोडली न्हवती."

मग ती त्या खोट्या मेखेशेजारी खाली बसली. गोठ्याची भिंत पडली होती आणि मेखेसकट म्हस वाहून गेली होती, म्हणून चार वर्षं कुणाला काही कळलं नव्हतं. टाळी वाजली नाही. पडदा ओढणारी पोरं दोरी धरून माझ्याकडं बघत राहिली. मागं गड्यांच्या बाजूला कुणीतरी एवढंच म्हणालं, "आमची बी बांधल्यालीच हुती." पूरग्रस्तांच्या छावणीचा शेवटचा प्रवेश झालाच नाही.

आता मनातलं सांगतो. त्या रात्री मला काकीची दया आली नाही, राग आला. माझा प्रवेश मोडला, शेवट गेला, हँडबिलावर लेखक म्हणून माझं नाव होतं. पहिल्या बैठकीत मीच छाती पुढं काढून म्हणालो होतो, पुस्तकातलं नाटक नको, कोल्हापुरातनं नटी आणायची नाही, गावात घडलं तेच गावानं दाखवायचं. मग घडलेलं समोर आल्यावर मला वही का आठवली? दावं कापा म्हणून मी ओरडत होतो ते नेमकं कुणाला? यातून मी अजून सुटलेलो नाही.

राज्य नाट्य स्पर्धेला संहिता आधी सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. म्हणजे स्टेजवर बोलायचं ते कागदावर पाहिजे. मी दोन रात्री बसलो. काकीचं बोलणं लिहिलं की ते माझं व्हायचं, गुळगुळीत. तिला विचारलं, तर म्हणाली, "लिव की. पर मला पाठ कराय लावू नगंस." शहरातला एक दिग्दर्शक म्हणाला, प्रसंग जबरदस्त आहे, कसलेली नटी घेऊ. मी नको म्हणालो. त्या बाईनं रोज संध्याकाळी ठरल्या वेळी "मी सोडली न्हवती" म्हणायचं, हे मला पटेना.

तालमीतला माझा मित्र म्हणतो, हे सगळं तुझ्या मनाचे खेळ. आणखी सात बायका होत्या त्या नाटकात, घरच्यांशी भांडून आलेल्या. त्यांचं नाटक तू कुणाला विचारून बंद केलंस? खरं आहे. मी त्यांना विचारलं नाही. काकीचं राखायला गेलो की माझं, हेही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

काकीनं पुढं दुसरी म्हस घेतली. प्रयोगानंतर एकदा गोठ्यात गेलो तर दाव्याला सुरगाठ होती, एका हिसक्यात सुटणारी. ती कधीपासून तशी बांधते, मी विचारलं नाही. नाटकाबद्दल आम्ही दोघं बोलतच नाही. किटली ठेवते, मी फॅट लावतो, पावती घेऊन जाते.

गेल्या आठवड्यात पावती घेतल्यावर ती जरा थांबली.

"आवंदा म्हाईला काय हाय?"

"ऑर्केस्ट्रा."

"आन नाटक? एकदाच केलासा व्हय?"

मागं रांग होती. मी पुढची किटली घेतली.